लिहिण्याचे तास कुणाचे?

मुलं लहान असताना लिहायला वेळ कसा काढलात, असं मला हल्ली बऱ्याचदा विचारतात. विचारणाऱ्या बहुतेक जणी स्वतः लहान मुलांच्या आया असतात. कुणी अनुवाद करत असते, कुणी कथा लिहिते, कुणाला पुरवणीतलं सदर मिळालेलं असतं आणि पहिले दोन लेख देऊन झाल्यावर तिसऱ्याला धाप लागलेली असते. त्यांना माझ्याकडून एखादी युक्ती हवी असते. माझ्याकडे युक्त्या आहेतही आणि त्या मी पुढे सांगणार आहे. पण इतक्या वर्षांत जे सगळ्यात उशिरा कळलं, ते आधी सांगते. मूल लहान असताना आईला लिहायला मिळणारा प्रत्येक तास दुसऱ्या कुणाच्या तरी दिवसातून आलेला असतो. त्या तासात मुलाला कुणीतरी भरवत असतं, आंघोळ घालत असतं, पडलं तर उचलत असतं. हे माणूस कोण, आणि ते तास देताना ते स्वतःचं काय बाजूला ठेवतं, हे घरात मोकळेपणानं बोललं गेलं की लिहिणं टिकतं.

मी नाशिकला राहते. अनुवाद करते, लेख लिहिते, दिवाळी अंकांसाठी दरवर्षी एखादं मोठं काम घेते. नवरा सातपूरच्या एका कारखान्यात आहे, तीन पाळ्यांत. दोन मुलं, मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा. सासूबाई आमच्याबरोबरच असतात. ही मुलं अगदी तान्ही असल्यापासून ती दोघंही स्वतःहून दप्तर भरायला लागेपर्यंतच्या काळाबद्दल मी बोलते आहे.

पहिल्या काही महिन्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्या काळात मी लिहिलं नाही. रात्री दर दोन-अडीच तासांनी उठणारं शरीर दिवसा वाक्य जुळवू शकत नाही. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात लशी, लस दिली की ताप, ताप आला की रात्रभर मांडीवर. ज्यांचं बाळ अजून तेवढं लहान आहे, त्यांना मी एवढंच सांगते की आत्ता झोप मिळेल तेव्हा झोपा. लिहिणं कुठे जात नाही.

त्यानंतर सल्ले सुरू होतात आणि सगळ्यात जास्त मिळणारा सल्ला म्हणजे पहाटे उठ. अमेरिकी लेखिका टोनी मॉरिसन एका प्रकाशन संस्थेतली नोकरी आणि दोन मुलगे सांभाळून पहाटे लिहायच्या, हे मीही वाचलं होतं. 1970 साली त्यांची पहिली कादंबरी आली. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. आमच्या घरात मात्र मी उठले की बाळ उठायचं. शेजारची ऊब गेल्याचं त्याला झोपेतही कळायचं. शिवाय आमच्याकडे नळाला पाणी पहाटेच येतं आणि पहिल्या पाळीचा डबा सहाच्या आत भरून तयार लागतो. पहाट आमच्या घरात आधीच भरलेली होती. मग मी दुसरीकडे जागा शोधली, आणि ती सापडली नवऱ्याच्या पाळ्यांमध्ये.

पाळ्यांच्या घरात राहिलेल्यांना हे लगेच समजेल. पहिल्या पाळीचा आठवडा असला की तो दुपारी चारपर्यंत घरी. दमलेला, पण घरी. रात्रपाळीचा आठवडा सगळ्यात अवघड, कारण तो दिवसा झोपणार आणि दोन खोल्यांच्या घरात मुलांना गप्प ठेवायचं काम माझं. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो दुपारी दोनपर्यंत मोकळा. लग्न झाल्यापासून ही पाळी मला नकोशी होती, कारण संध्याकाळ एकटीनं काढावी लागायची. मुलं झाल्यावर तीच पाळी माझ्या कामाची झाली. त्या आठवड्यात सकाळी नऊ ते बारा मुलं त्याची. मोठीला शाळेत सोडणं, धाकट्याला खाली पार्किंगमध्ये सायकलवर फिरवणं, आंघोळ, वरण-भात. मी आतल्या खोलीत दार लोटून बसायची. कोरा कागद, पहिला खर्डा, अनुवादातली अडलेली पानं हे सगळं त्या आठवड्यासाठी राखून ठेवायचे. बाकीच्या दोन आठवड्यांत उरलेली कामं.

हे कामाचे दोन वाटे करणं माझ्या फार उपयोगी पडलं. लिहिण्यातलं सगळंच काम शांतता मागत नाही. मुद्रितं तपासणं, आकडे पडताळणं, कुणाला फोन करून एखादी तारीख पक्की करणं, टिपणं उतरवून काढणं, हे सगळं मूल पायाशी ठोकळे रचत असतानाही होतं. शांतता लागते ती पहिल्यांदा लिहिताना आणि शेवटचा हात फिरवताना. ज्या कामाला शांतता लागत नाही ते काम शांततेच्या तासात करायचं नाही, एवढा एक नियम मी कसोशीनं पाळला.

दुसरी सवय वाक्य अर्धं सोडण्याची. उठावं लागणारच असेल, आणि लहान मुलाच्या आईला उठावं लागतंच, तर परिच्छेद पुरा करण्याची धडपड करायची नाही. वाक्याच्या मध्येच थांबायचं. परत बसल्यावर ते वाक्य पुरं करताना आपोआप मागचा धागा हाती येतो. पूर्णविराम देऊन उठलं की पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते आणि मिळालेल्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं नुसती वाचण्यात जातात.

तिसरी गोष्ट कॅलेंडर. आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय लटकलेलं असतं. 1973 साली सुरू झालेलं हे कॅलेंडर मराठी घरांत तिथी बघायला जेवढं वापरतात तेवढंच हिशेबाला वापरतात. दुधाचा खाडा, गॅस कधी लावला, धुणंवाल्या मावशींची सुट्टी. त्या चौकोनांत मी लेखांचे मुद्दे लिहायला लागले. पोळ्या लाटताना काही सुचलं की पिठाच्या हातानं पेन्सिल उचलून त्या दिवसाच्या चौकोनात दोन शब्द. महिना संपला की पान फाडून फाइलमध्ये. एका चौकोनात ‘दूध 1 ली. जादा’ आणि त्याच्याखाली ‘शेवट आधी घे’ असं लिहिलेलं पान माझ्याकडे अजून आहे. विचार पोळपाटापाशी होतो आणि मेजापाशी फक्त उतरवला जातो, हे मला त्या पानांनी शिकवलं. मेजापाशी बसायच्या आधीच लेख निम्मा झालेला असला पाहिजे, नाहीतर तीन तास पुरत नाहीत.

धाकटा मांडीवर असताना हात मोकळे नसायचे, तेव्हा मी फोनवर बोलून लिहायला शिकले. मराठी बोललं की मराठी उमटतं, विरामचिन्हं नसतात, पण मजकूर हाती राहतो. लासलगावच्या कांदा निवडण्याच्या कामावर मी तेव्हा लेख लिहीत होते. त्या खर्ड्यात एक ओळ अशी आहे: ‘गोलटी वेगळी जोड कांदा वेगळा आई माझा बूट’. माझ्या आवाजात त्याचा आवाज मिसळलेला. लेख छापायला देताना ते तीन शब्द काढले, खर्डा मात्र जपून ठेवला. त्या काळातलं माझं सगळं लिहिणं असंच झालं आहे. वाचणाऱ्याला ते दिसत नाही, पण प्रत्येक परिच्छेदात कुणीतरी मला हाक मारलेली आहे.

आता विषयांबद्दल. आईनं लिहायला घेतलं की तिच्याकडे बालसंगोपनाचे लेख मागतात. पहिल्यांदा आई झाल्यावर मला असे विषय एकामागून एक आले. वेळ कमी असतो, मूल समोरच असतं, त्यामुळे ते सोपंही वाटतं. काही लेख मी मनापासून लिहिले. नंतर दोन गोष्टी ठरवल्या. मोठी मुलगी वाचायला लागल्यावर तिला विचारल्याशिवाय तिच्याबद्दल काही छापायचं नाही, ही पहिली. तिनं एकदा ‘हे नको’ म्हटलं आणि तो परिच्छेद मी काढला. दुसरी गोष्ट म्हणजे वर्षातून एक तरी काम असं घ्यायचं, ज्यासाठी घराबाहेर पडावं लागेल, माणसांना भेटावं लागेल. त्याला जास्त वेळ लागतो हे माहीत असूनही. कारण लिहिण्याचा परीघ घराएवढा झाला की थोड्या दिवसांनी लिहिण्याची इच्छाच मरते. वेळेच्या टंचाईपेक्षा मला ती भीती जास्त होती.

लासलगावचं काम त्यातूनच घेतलं. कांद्याच्या लिलावाबद्दल सगळे लिहितात, मला व्यापाऱ्यांच्या खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायकांबद्दल लिहायचं होतं. पत्र्याच्या शेडखाली कांद्याचा ढीग, त्याच्याभोवती बसलेल्या बायका, हवेत टरफलांचा धुरळा. हात इतके सराईत की नजर दुसरीकडे असली तरी गोलटी, जोड कांदा, सडका कांदा आपापल्या ढिगात पडत होता. शेडच्या दोन खांबांना जुन्या साडीची झोळी बांधलेली, तिच्यात तान्हं बाळ, आणि झोळीची दोरी एका सहा-सात वर्षांच्या मुलीच्या हातात. बाळाच्या आईनं मला पहिला प्रश्न विचारला तो हा:

“तुमचं लेकरू कोणापाशी ठेवलं, ताई?”

“सासूबाईंजवळ.”

“मंग बरंय. माझी सासू पण हितंच हाये, ती काय पलीकडं निवडती. म्हणून मंग पोरीला ठेवलं झोळीपाशी.”

शाळेचा वार होता. मी विचारायच्या आत तीच म्हणाली, “गर्दीचे दिवस सरले की जाईल शाळंत.”

मी तिच्या कामाबद्दल विचारायला गेले होते. तिनं एका वाक्यात माझ्याही कामाचा हिशेब मांडला. तिचे मजुरीचे तास तिच्या मुलीच्या शाळेतून आले होते. माझे तास सासूबाईंकडून आले होते. ती हे स्पष्ट बोलत होती. माझ्या घरात आम्ही कुणीच ते बोलत नव्हतो. ‘आजी आहे ना’ एवढ्यावर सगळं चाललेलं होतं.

परतीच्या एसटीत मला बहिणाबाई चौधरी आठवल्या. शेतात, जात्यावर, चुलीपाशी काम करता करता त्यांनी ओव्या रचल्या, हे आपण शाळेपासून ऐकतो आणि त्याचा अर्थ असा काढतो की, प्रतिभा असली की कामातूनही वाट निघते. ते खरंच आहे. पण त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या ओव्या उतरवून घेतल्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि घरातल्याच एका नातलगानं. बहिणाबाई 1951च्या डिसेंबरात गेल्या, आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक आलं 1952 साली. रचणं त्यांचं, आणि ते टिकलं ते दुसऱ्या कुणीतरी बसून उतरवलं म्हणून. तसंच इंदिरा संतांचं. 1946 साली पती गेले, पदरी तीन मुलं, अध्यापनाची नोकरी. तरी 1951 साली ‘शेला’ आला आणि पुढे एकेक करत संग्रह येत राहिले. त्यांची कविता मी कॉलेजात असल्यापासून वाचते आहे. त्या वेळी मला तिच्यातलं एकटेपण दिसायचं. मुलं झाल्यावर मी वेगळंच शोधायला लागले. या बाईंना लिहायला बसायची वेळ कुठून मिळत असेल, मुलांना तेव्हा कोण जेवायला वाढत असेल, असं मनात येऊ लागलं. कवितेत याचं उत्तर नसतं. पण असं कुणीतरी असणारच.

त्या आठवड्यात मी सासूबाईंशी बोलले. “आई, मी लिहायला बसते तेव्हा तुमचं काय राहून जातं?” असं सरळ विचारलं. आधी त्या म्हणाल्या, “माझं मेलीचं काय राहायचंय?” मग चहा झाल्यावर स्वतःच म्हणाल्या, “भजनाला जायचे मंगळवारी. आता जमत नाही.” आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात त्या लग्नानंतर लगेच जायला लागल्या होत्या, टाळ धरायच्या, दोन-तीन गौळणी त्यांच्या आवाजाशिवाय होत नसत. नातवंडं झाली, मी लिहायला लागले आणि मंगळवारची ती दुपार गेली. त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. गुडघे दुखतात, धाकट्याच्या मागे जिन्यावरून धावता येत नाही, हेही त्याच दिवशी सांगितलं.

त्यानंतर आम्ही धाकट्यासाठी पाळणाघर बघितलं. त्याआधी घरात जी चर्चा झाली ती सगळ्या घरांत होते, म्हणून सविस्तर सांगते. प्रश्न असा आला की पाळणाघराचे पैसे माझ्या मानधनापेक्षा जास्त आहेत, मग लिहून फायदा काय? वजाबाकी बरोबर होती. लेखाचं मानधन किती असतं आणि ते कधी येतं, हे लिहिणाऱ्यांना माहीत आहे. पण ही वजाबाकी नेहमी आईच्याच कमाईतून का करायची, हे मी विचारलं. मूल दोघांचं आहे. नवरा कामावर जातो तेव्हाही त्याचं मूल कुणीतरी सांभाळतंच, त्याच्या पगारातून ते कुणी वजा करत नाही. पाळणाघर हा विजेच्या बिलासारखा घराचा खर्च आहे, असं मी म्हटलं. दोन-तीन दिवस आमचं फारसं बोलणं झालं नाही. मग त्यानंच वहीत घरखर्चाच्या पानावर, किराणा आणि वीज यांच्याखाली, पाळणाघराचं नाव लिहिलं. माझ्या लिहिण्याच्या वर्षांत तो दिवस मला फार मोलाचा वाटतो.

पाळणाघराच्या ताई सकाळी नऊला धाकट्याला घ्यायच्या. डबा, जादा कपड्यांचा जोड, पांघरूण, आणि त्याचा एक कापडी हत्ती. पहिले काही दिवस त्याचं रडणं जिन्यात ऐकू यायचं आणि पाय उचलायचे नाहीत. पुढे तो तिथल्या मुलांबरोबर रमला, घरी येऊन तिथली गाणी म्हणायला लागला. ताईंना त्यांच्या कामाचे पैसे वेळेवर मिळाले पाहिजेत, त्यांना वर्षातून हक्काच्या सुट्ट्या मिळाल्या पाहिजेत, हेही मी तेव्हा घरात ठरवून घेतलं. माझे तास आता त्यांच्या कष्टातून येत होते आणि ते कष्ट कमी लेखून मला लिहायचं नव्हतं. सासूबाई मंगळवारी पुन्हा भजनाला जायला लागल्या.

केंद्र सरकारनं 2019 साली देशभर लोक आपला वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. त्या पाहणीत घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा 97 मिनिटं. आणि मुळात असं काम करणाऱ्या बायका शंभरात 81, पुरुष 26. मुलं आणि आजारी माणसं सांभाळण्याचा वेळ याहून वेगळा मोजलेला. 2024च्या पाहणीत बायकांची मिनिटं 289 झाली. पाच वर्षांत दहा मिनिटं. कायद्यानं 2017पासून बाळंतपणाची पगारी रजा 26 आठवडे झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय ठेवावी लागते. ही फार चांगली गोष्ट झाली. पण घरी बसून लिहिणारी, शिवणारी, शिकवण्या घेणारी बाई कुठल्याच आस्थापनेत नसते. तिची रजाही तिनंच मागायची आणि सोयही तिनंच उभी करायची. म्हणून मी म्हणते की घरातलं बोलणं टाळून चालत नाही. बाहेरून तिच्यासाठी कुणी बोलणार नाही.

हे सगळं जमवूनही काही गोष्टी हातच्या गेल्या. दिवाळी अंकाची परंपरा आपल्याकडे 1909पासूनची, ‘मनोरंजन’नं सुरू केलेली, आणि त्यातलं काम मला प्रिय आहे. पण त्याचा मजकूर द्यायचा असतो नेमका गणपतीच्या आसपास, जेव्हा पावसाळी ताप घरोघरी असतो. एका वर्षी दोन्ही मुलांना एकापाठोपाठ हाता-पायांवर आणि तोंडात फोड आले, पाळणाघर बंद, शाळा बंद. मी संपादकबाईंना फोन करून लेख देता येणार नाही असं कळवलं. कारण आडवळणानं सांगितलं नाही, मुलं आजारी आहेत असंच सांगितलं. त्या म्हणाल्या, “पुढच्या वर्षी तुमचं पान धरते.” आणि त्यांनी धरलं. एका मोठ्या कादंबरीचा अनुवाद मात्र दुसरीकडे गेला आणि तो ज्यानं केला त्यानं फार चांगला केला. तो वाचताना मला वाईट वाटलं. ते दुःख अजून पुरतं गेलेलं नाही. मुलांमुळे काही गेलं असं म्हणताना आईची जीभ अडखळते, पण मुलांवर जीव असूनही हे म्हणता येतं. दोन्ही खरं आहे.

आता मुलं मोठी झाली. मला तास मिळतात, हवे तेवढे नाहीत तरी पुष्कळ. धाकटी जाऊ बी.एड. करते आहे, तिचं बाळ दीड वर्षाचं. आठवड्यातून दोन दुपारी ते माझ्याकडे असतं. तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं की या दुपारी मी लिहीत नाही, हे तुला माहीत असू दे आणि परीक्षा झाली की आपण पुन्हा बसून ठरवू. ती संकोचली. संकोचू नकोस, म्हटलं, हे मोजूनच देते आहे आणि मोजूनच घे. सासूबाईंनी माझ्यासाठी जे न बोलता केलं, ते मी बोलून करते आहे, कारण न बोलता दिलेल्या तासांची किंमत देणारीलाच मोजावी लागते.

तर मुलं लहान असताना लिहायला वेळ कसा काढायचा, असं विचारणाऱ्या मैत्रिणींना माझं सांगणं असं. वाक्य अर्धं सोडा, कॅलेंडरवर लिहा, फोनशी बोला, या सगळ्याचा उपयोग होतो. पण त्याआधी एका कागदावर आठवड्याचे सात दिवस मांडा आणि तुम्ही लिहाल त्या प्रत्येक तासासमोर मूल कुणाकडे असेल त्याचं नाव घाला. मुलाच्या वडिलांचं नाव त्यात किती वेळा येतं ते बघा. कमी येत असेल तर तो कागद त्यांच्यासमोर ठेवा. ज्यांची नावं असतील त्यांना विचारा, त्यांचं काय राहून जातंय. जिथे पैसे द्यायचे तिथे पैसे द्या. मग दार लोटा आणि लिहा.